उलटवलेलं जानवं

वसमतच्या पेठेत शिला आडेला ओळखत नाही असा शिंपी सापडणार नाही, आणि तिला बिचकत नाही असाही सापडणार नाही. बाई चाळिशीची, उंच, हाडापेराने मजबूत. डोक्याचे केस न्हाव्याकडून बारीक कापून घेतलेले. अंगात पुरुषी खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यावर जाड काळं सुती लुगडं, घोट्याच्या वर खोचलेलं, आणि पायात पोलीस घालतात तसले बूट. कॉलरच्या मागे आरशांचं भरतकाम असलेला एक तुकडा शिवलेला, तो तिच्या आईच्या फाटलेल्या कांचळीचा, म्हणजे तांड्यावरच्या चोळीचा. कमरेला काळ्या गोफात शिंप्याची दहा इंची कात्री. ती कात्री शोभेची नव्हती, हे पेठेला लवकरच कळलं.

फॅशनच्या मासिकाची संपादक अशी दिसते होय, म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग एका लग्नात तिने नवरदेवाच्या कोटाची बाही भर मांडवात कापली. कोट भाड्याचा होता, आणि आपल्या आजोबांच्या वेळचा म्हणून त्याने तो तिच्या अंकात छापून आणला होता. पोराच्या मामाने तिच्या कानाखाली वाजवली, तिने मामाला बुटाने तुडवलं, आणि वऱ्हाडाने दोघांना ओढून वेगळं केलं. त्या दिवसापासून हसणं बंद झालं.

तिच्या त्रैमासिकाचं नाव ‘धडुतं’. म्हणजे अंगावरचं रोजचं कापड. हट्टा गावच्या बाजारात हळदीची पोती वाहणाऱ्या बायकांचे काष्टे, सेनगावच्या जीपवाल्यांचे गळ्यातले रुमाल, कॉलेजच्या पोरींचे दुपट्टे, कारखान्यावरच्या मुकादमाची टोपी, असं सगळं त्यात असायचं. दुसरे लोक सिनेमातल्या बायकांच्या झग्यांबद्दल जेवढ्या बारकाईने लिहितात, तेवढ्याच बारकाईने ती मुकादमाच्या टोपीबद्दल लिहायची. अंक लोक वाचायचे. शिंपी जपून ठेवायचे, नवऱ्या मुली मोबाइलवर एकमेकींना पाठवायच्या.

काम करण्याची तिची पद्धत पाहिली तर पाहणाऱ्याला घाम फुटेल. अंकाची सगळी पानं छापून ती कचेरीच्या फरशीवर मांडायची आणि बूट घालून त्यांच्यामधून फिरायची. पान पटलं नाही की खाली वाकून कात्रीने मधोमध उभं कापायची, तेही एका दमात, करकरत. पानांची मांडणी करणारी पुजा संगणकासमोर पाठ आखडून बसलेली असायची. कात्रीचा आवाज आला की तिचे खांदे वर जायचे. एकदा जाहिरात आणणाऱ्या माणसाने एका साडी दुकानाच्या बाहुलीचा फोटो आत घालायचा आग्रह धरला, तेव्हा शिलाने त्याला टाचणयंत्र फेकून मारलं. भुवईवर तीन टाके पडले. तो पुढच्या आठवड्यात परत आला, कारण तिच्याकडे कुणाचं नाव बुडत नसे आणि कुणाचं काम खोटं होत नसे. मला ती बाई आवडते, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं सांगूनही आवडते.

अंकाच्या पहिल्या पानावर दर वेळी एक ओळ ठळक छापलेली असे: ‘ज्याचं त्याच्या अंगावर, जसं होतं तसं. या अंकातला एकही फोटो बदललेला नाही.’

ही ओळ रक्तातून आली होती. शिला सेनगावजवळच्या एका तांड्यावरची. बाप थावरा वारला तेव्हा तिची आई रूपाबाई हिने तांड्याच्या रीतीप्रमाणे कानाजवळच्या बटांमधली चांदीची घुगरी उतरवली, कारण घुगरी नवरा जिवंत असलेल्या बाईचीच. दोन वर्षांनी एका पेपरच्या पुरवणीचा संपादक तांड्यावर आला. त्याला सुंदर फोटो हवा होता. रूपाबाईचा चेहरा त्याला आवडला आणि मोकळे केस आवडले नाहीत. त्याने शेजारणीची घुगरी मागून घेऊन तिच्या केसांत अडकवली, थोडा वेळच, फोटोपुरती, म्हणाला. फोटो रंगीत छापून आला. चार दिवसांनी रूपाबाईचा दीर प्रेमदास तो पेपर घेऊन घरात शिरला. भावाला मरून दोन वर्षं झाली आणि ही दुसऱ्याच्या नावाची घुगरी घालून पेपरात मिरवते, असा त्याचा हिशोब. रूपाबाई ओरडून सांगत राहिली की ती फोटोवाल्याने घातली. प्रेमदासने तिला केसांना धरून ओसरीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर ओढलं. उजव्या बाजूचे केस कातड्यासकट निघाले. आजही तिथे तळहाताएवढी लालसर चकती आहे, आणि तिच्यावर काही उगवत नाही.

शिला तेव्हा पुण्याला एका मासिकात कपड्यांवर लिहीत होती. ती आली, आईचं डोकं पाहिलं, आणि थेट त्या संपादकाच्या कचेरीत गेली. त्याचा चष्मा तिने त्याच्याच टेबलावर फोडला, कॉलर धरून तोंड भिंतीवर आपटलं, आणि नाकाचं हाड मोडलं. चूक झाली, तो म्हणत होता. ती म्हणाली, “चूक न्हाई, मस्ती. तुला पान सजवायचं होतं.” न्यायालयात तिने माफी मागितली नाही. परत येताना न्हाव्याकडे गेली आणि आपले केस काढून टाकले. ती पुण्याला पुन्हा गेलीच नाही, आणि वर्षभरात वसमतमध्ये ‘धडुतं’ निघालं.

आता त्या अंकाची गोष्ट.

गेल्या भादव्यातला अंक तिने उघड्या अंगावर काढायचा ठरवला, म्हणजे कमरेच्या वर कापड न घालता काम करणाऱ्यांवर. पैलवान, भट्टीवाले, पुजारी. पेठेतल्या नृसिंहाच्या देवळातले पुजारी उद्धव पाठक पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला मोजके. त्यांची बायको प्रेमा. मूलबाळ नाही. सकाळी उन्हं वर येताना उद्धवराव देवळाच्या पायरीवर उभे राहून ओंजळीने सूर्याला पाणी सोडत, आणि शिलाने तोच क्षण टिपला. ओल्या अंगावर जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरलेलं, पाण्याची धार उन्हात तुटलेली. प्रेमाबाई शेजारी, फोटोच्या चौकटीबाहेर, तांब्या घेऊन उभ्या होत्या. एवढा चांगला फोटो आयुष्यात एखादाच निघतो.

पण उद्धवरावांचा चेहरा डावीकडे, अंकाच्या शिवणीकडे वळलेला होता. मुखपृष्ठावरचा माणूस मोकळ्या कडेकडे बघायला हवा, जिथून वाचक पान उघडतो. तसाच ठेवला तर तो वाचकाकडे पाठ करून बसल्यागत दिसे. शिला दोन दिवस त्या पानाभोवती फिरली, तीन प्रती कापल्या. मग पुजाला म्हणाली, आरशात दिसतो तसा कर. उलटव.

पुजाने मान वळवली. तांड्यातल्या बायांचा फोटो आपण कधी उलटवत नाही, डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते म्हणून तुम्हीच आरडाओरडा करता, असं ती हळूच म्हणाली. शिला चिडली. उलटवणं म्हणजे बदलणं नव्हे, या माणसाच्या अंगावर धागा सोडून काही नाहीच, धाग्याला कसली डावी-उजवी, असं तिने सुनावलं आणि हातातली कात्री टेबलावर आपटली. लाकडात खाच पडली. पुजाने फोटो उलटवला.

शिलाला घुगरी माहीत होती, जानवं माहीत नव्हतं. जानवं डाव्या खांद्यावर असतं ते देवाच्या आणि रोजच्या कामाला. उजव्या खांद्यावर घेतात ते मेलेल्यांच्या कामाला, त्याला अपसव्य म्हणतात. अपसव्य करून ओंजळीने पाणी सोडणारा माणूस म्हणजे कुणाचं तरी श्राद्ध घालणारा माणूस, हे पाठकांच्या भावकीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि अंक बाहेर पडला तो नेमका पितृपंधरवड्यात.

उद्धवरावांचा धाकटा भाऊ श्रेयस चाळिशीचा, हैदराबादेत कारकुनी करून परत आलेला. देवळातल्या पूजेची निम्मी पाळी त्याला हवी होती. उद्धवराव ती देत नव्हते, कारण श्रेयस पिऊन एकदा गाभाऱ्यात शिरला होता. चैत्रात भर सभामंडपात दोघांची जुंपली तेव्हा मोठा धाकट्याला म्हणाला होता की तू मला मेलास. रागात माणूस बोलतो तसलं बोलणं. विसरलं गेलं असतं.

पण श्रेयसने मुखपृष्ठ पाहिलं. पेठेतल्या सगळ्या दुकानांत ते टांगलेलं होतं. आई-वडिलांचं श्राद्ध अष्टमीला, फोटो त्याच्या महिनाभर आधीचा, तारीख खाली छापलेली, मग हे पाणी कुणाच्या नावाने? त्याने पान उलटलं आणि ठळक ओळ वाचली: एकही फोटो बदललेला नाही. जिवंत माणसाचं श्राद्ध. याहून मोठी शिवी त्यांच्या घरात नाही.

तो देवळात गेला तेव्हा उद्धवराव वाती लावत होते. श्रेयसने पुरुषभर उंचीची पितळी समई दोन्ही हातांनी उपटली आणि पहिला घाव पाठीत घातला. तेल दोघांच्या अंगावर सांडलं. उद्धवराव वळले, काय झालं विचारायला हात वर केला, तर दुसऱ्या घावात त्या हाताची दोन बोटं मोडून लोंबायला लागली. तिसरा घाव कानावर बसला. कवटीचा आवाज बाहेर फुलवालीपर्यंत आला. श्रेयस ओरडत होता, “मी मेलो व्हय? मग हे कोन मारून राहिलंय तुला?” लोकांनी त्याला धरलं तेव्हा समईच्या तबकाला केस चिकटलेले होते. प्रेमाबाईंनी पदर फाडून नवऱ्याचं डोकं बांधलं. पदर भिजून जड झाला आणि गळून पडला.

उद्धवरावांना नांदेडच्या दवाखान्यात हलवलं. श्रेयसला पोलिसांनी नेलं. आणि शिलाला त्या दिवशी एवढंच कळलं की दोन पुजारी भावांत मारामारी झाली आणि अंकाच्या प्रती दुपारपर्यंत संपल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेमाबाई कचेरीत आल्या. तीच साडी, पदराविना, दुसरं एक उपरणं खांद्यावर ओढलेलं. त्यांनी मुखपृष्ठ टेबलावर ठेवलं, त्या खाचेवरच. ह्यांचं जानवं कुठल्या खांद्यावर होतं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे, त्या म्हणाल्या, मग इथे उजवीकडे कसं? मग अपसव्य म्हणजे काय, चैत्रात काय बोलणं झालं होतं, श्रेयस ठाण्यात काय ओरडतो आहे, ते सगळं त्यांनी सांगितलं. उद्धवराव मधून मधून शुद्धीवर येतात आणि एकच म्हणतात, त्याला सांगा, मी नाही केलं. नातेवाईक म्हणतात, फोटो काय खोटं बोलतो? चुलते, मावसभाऊ, कुणी दवाखान्यात फिरकत नाही. जिवंत भावाचं श्राद्ध घालणाऱ्याच्या तोंडात पाणी कोण घालणार?

“फक्त एवढं सांगा,” प्रेमाबाई म्हणाल्या. “तुम्ही उलटवलात का?”

शिला त्या वेळी काय विचार करत होती ते तिने मला पुढे सांगितलं. तिला त्या पुरवणीवाल्याचं नाक दिसत होतं. हाताला आलेलं त्याचं गरम रक्त आठवत होतं. चूक न्हाई, मस्ती. कोपऱ्यात पुजा संगणकासमोर बसलेली होती.

“जसं होतं तसं छापलंय,” शिला म्हणाली.

 प्रेमाबाईंनी अंक उचलला, घडी घातली आणि गेल्या. त्यांची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकू येत होती. पुजा उठली, संगणक बंद केला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला आली नाही.

पुढचे चार दिवस शिलाने जे मिळेल ते फोडलं. जाहिरातवाल्याशी भांडण काढून त्याला जिन्यावरून ढकललं. आरशासमोर उभी राहून शर्टाची कॉलर ओढली आणि बटणं तुटून उडाली. गल्लीतल्या एका कुत्र्याला लाथ घातली आणि मग त्याच्याच शेजारी बसून रडली. तिच्यातला सगळा राग आजवर दुसऱ्याच्या खोटेपणावर जात आला होता. आता त्याला जायला जागा नव्हती. कॅमेऱ्यातून उतरवून घेतलेला मूळ फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, डाव्या खांद्यावरच्या जानव्यासह. एक बोट लावलं की तो पुसला गेला असता. तिने पुसला नाही, आणि दाखवलाही नाही.

पाचव्या दिवशी सकाळीच सेनगावच्या एसटीने रूपाबाई आली. पुजाने तिला सगळं कळवलं होतं. म्हातारी खुर्चीवर बसली नाही, फरशीवर, कापलेल्या पानांच्या मधे बसली. तिने डोक्यावरची टुकरी, भरतकामाची ओढणी, मागे सारली आणि ती लाल चकती लेकीपुढे केली.

“हात लाव,” ती म्हणाली.

शिलाने हात लावला. त्या जागेला तिने इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता.

“त्या फोटोवाल्यानं तांड्यावर येऊन येवढंच म्हनलं असतं, का ह्या बाईला घुगरी मी घातली, तर परेमदासनं मला हात लावला नसता. पेपर आल्यावर मी त्याला दोनदा सांगावा धाडला. त्यो गप बसला. चार दिस गप बसला, मंग माझं डोस्कं फुटलं. तू किती दिस बसनार?”

हे शिलाला माहीत नव्हतं. आईने दोनदा निरोप पाठवला होता, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ती उठली ती थेट पोलीस ठाण्यात गेली. मोबाइल ठेवला, मूळ फोटो आणि छापलेला फोटो शेजारी शेजारी दाखवला, लेखी जबाब दिला. मला आधी श्रेयस पाठकला भेटू द्या, तिने हट्ट धरला. साहेबांनी तिला गजांपर्यंत नेलं. श्रेयस भिंतीला टेकून बसला होता. तिने मोबाइल गजांमधून पुढे धरला.

“हा खरा. तुमच्या भावानं सूर्याला पानी दिलं होतं. पान चांगलं दिसावं म्हनून मी उलटवला.”

त्याने फोटो पाहिला. मोबाइल हातात घेऊन पुन्हा पाहिला. आपला उजवा हात आपल्या डाव्या खांद्यावर ठेवून पाहिला, शाळकरी पोरं डावं-उजवं ठरवतात तसं. मग गजांतून हात घालून त्याने तिचा गळा धरला. शिपाई धावले, त्याच्या मनगटावर काठ्या मारू लागले. तिने मात्र हात वर केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला मारत होतं आणि तिचे हात खाली होते. बोटं सुटली तेव्हा तिच्या गळ्यावर त्याची नखं उमटली होती. श्रेयस वळला आणि भिंतीवर कपाळ आपटू लागला, न थांबता, चौघांनी धरेपर्यंत. कपाळातून रक्त नाकावर उतरलं.

मला दवाखान्यात न्या, दादाच्या पाया पडू द्या, तो म्हणत होता. साहेबांनी नांदेडला फोन लावला, थोडं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. उद्धवराव त्याच सकाळी नऊच्या सुमाराला गेले होते. शेवटपर्यंत बायकोला तेच विचारत होते, की श्रेयसला सांगितलं का. प्रेमाबाईंनी त्यांना हो म्हणून सांगितलं होतं. ते खोटं होतं. नऊ वाजता शिला कचेरीच्या फरशीवर आईसमोर बसलेली होती, आणि आदल्या दिवशी गेली असती तर ते खरं झालं असतं.

अग्नी द्यायला मूल नाही. पाठकांच्या भावकीतला एक पुतण्या तयार होता, पण प्रेमाबाई म्हणाल्या, भाऊ जिवंत असताना दुसरा कशाला? लोक चक्रावले. न्यायालयाने अंत्यविधीला आणि मग दहाव्याला काही तासांची परवानगी दिली, पोलिसांच्या पहाऱ्यात.

दहाव्या दिवशी आसना नदीच्या काठावर शिला लांब एका बाभळीखाली उभी होती. तेच काळं लुगडं, तोच शर्ट, पण कमरेला कात्री नव्हती. गळ्यात कॅमेरा होता तो सवयीने. श्रेयस गुडघाभर पाण्यात उभा, डोकं भादरलेलं, कपाळावर पट्टी, कमरेचा दोर काठावरच्या शिपायाच्या हातात. भटजींनी सांगितलं, अपसव्य करा. त्याने डाव्या खांद्यावरचं जानवं काढून उजव्या खांद्यावर घेतलं. ते दंडाशी अडकलं, तेव्हा भटजींनीच ते नीट केलं. मग त्याने ओंजळीत पाणी भरलं आणि भावाच्या नावाने सोडलं. ओलं अंग, उजव्या खांद्यावर जानवं, उन्हात तुटलेली धार. घराण्यातल्यांची चेहरेपट्टी एक, त्यामुळे तो मुखपृष्ठावरच्या उद्धवरावांसारखाच दिसत होता.

प्रेमाबाई काठावरून चालत बाभळीखाली आल्या. शिलाला वाटलं आता मार बसेल, आणि तिला तो हवा होता. प्रेमाबाईंनी हात उचलला नाही.

“काढा फोटो,” त्या म्हणाल्या. “आता उलटवायला नको.”

आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या, शिलाने कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबेपर्यंत.

तो फोटो तिने छापला नाही, पुसलाही नाही. ‘धडुतं’ निघतं. पुजा परत आली आहे, आणि पानं आता कात्रीने कापली जात नाहीत, पेन्सिलीने खुणा करून परत दिली जातात. गळ्यावरच्या नखांच्या खुणा शिला लपवत नाही, शर्टाचं वरचं बटण उघडंच असतं. पहिल्या पानावरची ती ठळक ओळ गेली. तिच्या जागी दर अंकात दुसरी असते: ‘या त्रैमासिकाच्या संपादिकेने एक फोटो उलटवला आणि विचारल्यावर खोटं सांगितलं. उद्धव पाठक सूर्याला पाणी देत होते.’ जाहिरातवाला म्हणतो की आता पुरे, चार अंक झाले, लोकांना कळलं. छपाईला पाठवण्याआधी पुजाही दर वेळी विचारते, ओळ ठेवायची का. शिला ठेव म्हणते, आणि पान पुढे जातं.